अमेरिकेचं औद्योगिकीकरण डोक्यात बसत नाही? कायद्यापासून उलटं वाचत या

यूपीएससीला हिस्टरी ऑप्शनल घेतलेले, एमए करणारे, आणि वर्णनात्मक पेपरचं ऐकून धाबं दणाणलेले एमपीएससीवाले, तिघांसाठी हे लिहितोय. कारण कोल्हापुरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत जावा, हा चॅप्टर सगळ्यांचा एकाच जागी अडकलेला असतोय. नोट्समध्ये आधी रेल्वे, पोलाद, कार्नेगी, रॉकफेलर, मग पान उलटलं की एकदम 'सुधारणा चळवळी' असं नवीन हेडिंग आणि खाली सन आणि नाव, सन आणि नाव, सन आणि नाव. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय ते कुठंच नाही. मग पेपरात 'औद्योगिकीकरणाचे सामाजिक परिणाम' असं आलं की पोरं पहिलं दीड पान रेल्वेवर घालवतात आणि शेवटच्या चार ओळींत सगळे कायदे कोंबतात.

माझं म्हणणं एवढंच, की हे उलटं वाचायचं. कायदा हातात घ्यायचा आणि मागं जायचं. हा का झाला, कोण मेलं, कोण ओरडलं, कोणी नेटानं लावून धरलं, आणि झाल्यावर कोर्टात टिकला का. असं मागं गेलं की कारखाना आपोआप सापडतो, वेगळा पाठ करायला लागत नाही.

त्याआधी थोडा पाया पाहिजे, पण थोडाच. यात आठवडा घालवू नका.

१८६१ ते ६५ सिव्हिल वॉर. १८६२ ला, म्हणजे युद्ध चालू असतानाच, होमस्टेड ॲक्ट (कसणाऱ्याला १६० एकर जमीन) आणि पॅसिफिक रेल्वेचा कायदा. १० मे १८६९ ला युटातल्या प्रोमोंटरीला दोन्हीकडून आलेले रूळ जोडले आणि पूर्व-पश्चिम रेल्वे एक झाली. कोल्हापूरला मिरजेवरून रेल्वे आली १८९१ ला, तोवर तिकडं अडीच लाख किलोमीटरच्या वर रूळ पडले होते, यावरून वेगाचा अंदाज घ्या. गाड्यांचं वेळापत्रक जमेना म्हणून रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ ला अख्ख्या देशाची घड्याळं झोनमध्ये बसवली, सरकारनं नाही, कंपन्यांनी. हे वाक्य उत्तरात टाका, कंपन्यांची ताकद काय होती ते एका दमात कळतं.

पोलाद समजून घ्यायला पुस्तकापेक्षा उद्यमनगर बरं. फाउंड्रीत काम केलेला कोणीतरी ओळखीचा निघतोच, त्याला विचारा बिडात कार्बन जास्त असला की काय होतं, तो सांगेल ठिसूळ होतंय, दणका बसला की तुटतंय. बेसेमर पद्धतीत वितळलेल्या लोखंडातून हवेचा झोत मारून तो जादा कार्बन जाळून टाकायचे आणि मिनिटांत टनावारी पोलाद मिळायचं. मग स्वस्त रूळ, पूल, उंच इमारती. कार्नेगीनं यावरच साम्राज्य उभं केलं आणि १९०१ ला ४८ कोटी डॉलरला जे. पी. मॉर्गनला विकलं, त्यातनं यूएस स्टील झाली, जगातली पहिली अब्ज डॉलरची कंपनी. तेलात रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल, १८७० ला क्लीव्हलंडमध्ये सुरू, दहा वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास रिफायनिंग हातात. एवढं पुरे. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, 'सरकारनं हस्तक्षेप केला नाही' असं जे सगळीकडं छापलेलं असतंय ते अर्धंच खरं. रेल्वेला फुकट जमिनी दिल्या, आयातीवर जबर कर लावून देशी कारखान्यांना सांभाळलं, संपावर सैन्य पाठवलं, हा हस्तक्षेप नाही तर काय आहे? कामगाराच्या बाजूनं केला नाही असं लिहा, ते बरोबर.

आता मेन काम. एक मोठा कागद घ्या, ड्रॉइंग शीट मिळाली तर उत्तम. चार उभे रकाने आखा: कायदा, कशामुळं झाला, कोणी लावून धरला, कोर्टात काय झालं. उजवीकडं एक पाचवा रकाना मोकळा सोडा, त्याचं नंतर सांगतो. मोबाइलमध्ये करू नका, स्क्रीनवर एका नजरेत दिसत नाही.

पहिली ओळ मी भरून दाखवतो, न्यूयॉर्क राज्याचे १९११ नंतरचे कारखाना सुरक्षा कायदे. तीसहून जास्त कायदे थोड्याच वर्षांत झाले: आगीची व्यवस्था, दारं, कामाचे तास, लहान मुलं. का झाले? २५ मार्च १९११, शनिवार, सुटीची वेळ जवळ आलेली. मॅनहॅटनमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बाजूला दहा मजली इमारत आणि तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा बायकांचे ब्लाउज शिवायचा कारखाना. आठव्या मजल्यावर चिंध्यांना आग लागली. दहाव्यावरचे मालक गच्चीवरून निसटले. नवव्यावरच्या पोरींना वेळेत कोणी कळवलंच नाही. त्या मजल्यावर जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं, कारण पोरी जाताना माल चोरतील म्हणून एकाच दारातून झडती घेऊन सोडायची पद्धत. बाहेरचा लोखंडी जिना वजनानं कोसळला. फायर ब्रिगेडची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. १४६ जण गेले, बहुतेक विशीच्या आतबाहेरच्या पोरी, ज्यू आणि इटालियन, नुकत्याच देशात आलेल्या. आणि इमारतीला काही झालं नाही, ती फायरप्रूफ होती, आजही उभी आहे, तिथं आता न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे वर्ग भरतात.

आणखी मागं जावा. १९०९ च्या हिवाळ्यात याच धंद्यातल्या वीसेक हजार पोरींनी संप केला होता. क्लारा लेमलिक नावाची तरुण कामगार सभेत उभी राहिली आणि भाषणं पुरे, संपाचा ठराव घ्या म्हणाली, त्यावरनं पेटलं. ट्रँगलच्या पोरी त्या संपात होत्या. बऱ्याच कंपन्यांनी युनियन मान्य केली, ट्रँगलनं केली नाही. म्हणजे आग हा 'अपघात' म्हणून एका ओळीत लिहिण्यासारखा विषय नाही, आधी मागणी झालेली, ती नाकारलेली, मग आग. मालकांवर खटला चालला आणि डिसेंबर १९११ ला ते निर्दोष सुटले, कारण दार बंद होतं हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं असं सिद्ध झालं नाही.

आता पुढं या. त्या दिवशी जवळच चहाला आलेली फ्रान्सिस पर्किन्स नावाची बाई रस्त्यावर उभी राहून ते सगळं बघत होती. नंतर राज्यानं चौकशी आयोग नेमला, रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ त्याचे प्रमुख, आणि पर्किन्स त्यांना घेऊन कारखान्या-कारखान्यात फिरली. १९३३ ला रूझवेल्टनं (फ्रँकलिन, थिओडोर नव्हे, हा गोंधळ पेपरात हमखास होतो) तिला लेबर सेक्रेटरी केलं, अमेरिकन मंत्रिमंडळातली पहिली बाई. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा आणि १९३८ चा किमान वेतन-कामाचे तास-बालमजुरीचा कायदा तिच्या काळातले. एका आगीच्या ओळीनं तुम्हाला १९०९ पासून १९३८ पर्यंत आणून सोडलं बघा, आणि यातलं काहीच घोकावं लागलं नाही.

हे करून झालं की इचलकरंजीच्या एखाद्या शेडसमोरून जाताना सहज बघा दारं किती आहेत आणि कुठल्या बाजूला उघडतात. अभ्यासाचाच भाग आहे, टाइमपास नव्हे.

दुसरी ओळ १९०६ ची, मांस तपासणी आणि शुद्ध अन्न-औषध कायदे, दोन्ही एकाच दिवशी सही झाले, ३० जून. मागं आहे अप्टन सिंक्लेअरची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी. गंमत बघा, त्याला दाखवायचे होते कामगारांचे हाल, लोकांनी वाचलं ते आपल्या ताटात काय येतंय ते. आपण लोकांच्या काळजावर नेम धरला आणि लागला पोटाला, असं तो स्वतःच म्हणून गेला. म्हणून रकान्यात लिहा: ग्राहक वाचला, कामगार तिथंच. आणि तपासणीचा खर्च सरकारनं उचलल्यामुळं मोठ्या कंपन्यांना ते फार जड गेलं नाही, हेही लिहा, एक्झामिनरला असलं आवडतं.

संपांच्या बाबतीत सगळे चुकतात ते असं, की १८७७, १८८६, १८९२, १८९४ चारही संपांची कारणं-परिणाम पाठ करत बसतात. करू नका. प्रत्येक संपाला एकच प्रश्न विचारा, बंदूक कोणाच्या बाजूनं उभी होती? १८७७ च्या रेल्वे संपात केंद्राचं सैन्य. १८८६ ला आठ तासांच्या मागणीचं आंदोलन, शिकागोच्या हेमार्केटमध्ये ४ मेला बॉम्ब, कोणी टाकला ते आजपर्यंत ठरलं नाही आणि तरी चौघांना फाशी, आपला १ मेचा कामगार दिन तिथनं आला. १८९२ ला कार्नेगीच्या होमस्टेड कारखान्यात मॅनेजर फ्रिकनं पिंकर्टन एजन्सीची भाड्याची माणसं नदीतून बोटींनी आणली. १८९४ ला पुलमन, म्हणजे रेल्वेचे डबे बनवणारी कंपनी. कंपनीनं वसवलेलं गाव म्हणजे काय हे कळायला आपल्याला किर्लोस्करवाडी जवळच आहे, पण पुलमनचं गणित असं होतं की मंदीत पगार कापला आणि कंपनीच्याच घरांचं भाडं तेवढंच ठेवलं. युजिन डेब्झच्या युनियननं देशभर पुलमनचे डबे ओढायला नकार दिला, तर टपाल अडतंय या कारणानं राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडनं सैन्य घातलं, इलिनॉयच्या गव्हर्नरनं नको म्हटलं असताना. आता याच्यासमोर १९०२ ठेवा, पेनसिल्व्हेनियाचा कोळसा संप. थिओडोर रूझवेल्टनं दोन्ही बाजूंना बोलावून घेतलं आणि मालक हट्टाला पेटले तेव्हा सैन्य पाठवून खाणी सरकारच चालवेल अशी तंबी दिली, म्हणजे बंदूक पहिल्यांदा मालकाकडं वळली. कामगारांना दहा टक्के वाढ आणि नऊ तासांचा दिवस मिळाला, युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही. १८९४ आणि १९०२ हे दोन संप शेजारी लिहिले की 'राज्याची बदलती भूमिका' या प्रश्नाचं निम्मं उत्तर तयार.

कोर्टाचा रकाना बरीच जण कोरा सोडतात आणि मार्क तिथंच जातात. १८९० चा शर्मन कायदा ट्रस्ट, म्हणजे एका धंद्यातल्या कंपन्यांनी एकत्र येऊन केलेली मक्तेदारी, मोडायला केला. १८९५ ला साखर ट्रस्टवर केस आली. आपल्या भागात साखर म्हटलं की कान टवकारले जातात म्हणून ही लक्षात राहील. एका कंपनीच्या हातात देशाचं नव्वद टक्क्यांच्या वर साखर रिफायनिंग, आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की कारखान्यात माल बनवणं म्हणजे राज्याराज्यांतला व्यापार नव्हे, त्यामुळं हा कायदा लागू नाही. आणि त्याच्या आदल्याच वर्षी पुलमन संपात खालच्या कोर्टानं हाच शर्मन कायदा कामगारांवर वापरला होता! ट्रस्टसाठी केलेला कायदा युनियनवर. स्टँडर्ड ऑइल मोडायला १९११ उजाडावं लागलं, ३४ तुकडे झाले. त्यामागं आयडा टार्बेल या पत्रकार बाईनं १९०२ पासून मासिकात चालवलेली लेखमाला, आणि तिचे वडील स्वतः तेलाच्या धंद्यात रॉकफेलरच्या तडाख्यात सापडलेले.

कामाच्या तासांचं असं. १९०५ ला लॉकनर केस, न्यूयॉर्कनं बेकरी कामगारांना दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली, कोर्टानं उडवली, कराराच्या स्वातंत्र्यावर घाला म्हणून. १९०८ ला मुलर केस, ओरेगॉननं बायकांना दहा तासांची मर्यादा घातली, ती टिकली. फरक कशानं पडला? वकील ब्रँडाइसनं कायद्याचा कीस दोनच पानांत काढला आणि शंभरावर पानं डॉक्टरांचे, फॅक्टरी इन्स्पेक्टरांचे रिपोर्ट लावले. ती माहिती जमवली जोसेफिन गोल्डमार्क आणि फ्लॉरेन्स केली या बायकांनी. पण विजयाला एक खोट आहे, बाई दुबळी आणि आई होणारी म्हणून संरक्षण, माणूस म्हणून नाही. दोन्ही बाजू लिहा.

बालमजुरीची ओळ सगळ्यात लांब. लुइस हाइन नावाचा शिक्षक १९०८ पासून कॅमेरा घेऊन गिरण्या, खाणी, काचेच्या कारखान्यात घुसायचा, कधी बायबल विकणारा बनून, कधी इन्स्पेक्टर बनून. पोराची उंची कोटाच्या बटणांवरून मापायचा म्हणजे वय सांगता यावं. त्याचे पाच हजारांवर फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट आहेत, दहा तरी बघाच, तेवढी दहा मिनिटं तीन नोट्सच्या बरोबरीची आहेत. मग १९१६ ला केंद्राचा कायदा, १९१८ ला कोर्टानं रद्द, मग कर लावून बघितलं, १९२२ ला तेही रद्द, १९२४ ला घटनादुरुस्ती काँग्रेसनं पास केली पण पुरेशा राज्यांनी मंजूर केलीच नाही, शेवटी १९३८ चा कायदा आणि १९४१ ला कोर्टानं मान्य केला. फोटोपासून पक्क्या कायद्यापर्यंत तेहतीस वर्षं, ती पोरं तोवर स्वतः बाप झाली.

आता तो मोकळा रकाना. त्यावर लिहा 'कोण बाहेर राहिलं'. शाहू महाराजांच्या गावात बसून हा रकाना न भरता उठणार असाल तर अवघड आहे. १८८२ ला चिनी मजुरांवर बंदी, ज्यांनी पश्चिमेकडून रूळ टाकले तेच. १८९६ चा प्लेसी निकाल, 'वेगळे पण समान' म्हणत भेदभावाला कोर्टाचा शिक्का. आयडा वेल्स ही कृष्णवर्णीय पत्रकार झुंडबळींची आकडेवारी छापत होती तेव्हा मोठमोठे सुधारक गप्प होते. वुड्रो विल्सन, ज्याला सगळ्या नोट्समध्ये 'प्रगतिशील' म्हटलेलं असतंय, त्याच्याच सरकारनं १९१३ पासून केंद्राच्या ऑफिसांत गोरे-काळे वेगळे बसवायला सुरुवात केली. आणि १९३५ च्या सोशल सिक्युरिटीतून शेतमजूर आणि घरकामवाल्या वगळल्या, दक्षिणेत हीच कामं कृष्णवर्णीय लोक करायचे. उलट बाजूला १९०९ ची एनएएसीपीची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेची, स्थापना लिहा, तिच्या सुरुवातीच्या सह्यांमध्ये वेल्सही आहे आणि शिकागोत १८८९ ला हल हाउस हे गरीब स्थलांतरितांसाठीचं सेवाकेंद्र काढणारी जेन ॲडम्सही.

आपल्याकडचे धागे उत्तरात आणायचे का? आणा, पण जपून, आणि एका वाक्यात. महात्मा फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हा सगळ्यात भारी धागा. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि दोनच महिन्यांत हेमार्केट. आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थाननं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आपल्या आताच्या सीपीआरच्या, स्त्री विभागावर नेमलं होतं, पण फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. रमाबाई मात्र १८८८ पर्यंत तिकडं राहिल्या, बायकांच्या संघटना जवळून बघितल्या आणि अमेरिकेवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, १८८९ ला आलं. त्या काळातल्या अमेरिकेचं मराठी बाईनं केलेलं वर्णन, तेही मूळ मराठीत, आणि आपण वाचतो काय तर इंग्रजी गाइडचं भाषांतर! करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या खर्डेकर लायब्ररीत विचारून बघा. तिसरा धागा बाबासाहेबांचा, १९१३ ते १६ न्यूयॉर्कच्या कोलंबियात, म्हणजे ट्रँगलच्या आगीनंतर दोनच वर्षांनी त्याच शहरात. त्यांचे प्राध्यापक जॉन ड्युई, जे आधी हल हाउसच्या विश्वस्तांत होते, आणि सेलिग्मन, जे प्राप्तिकराचे मोठे समर्थक, आणि प्राप्तिकराची सोळावी दुरुस्ती १९१३ चीच. चार वर्षांनी, मार्च १९२० ला, बाबासाहेब आपल्या माणगावच्या परिषदेचे अध्यक्ष होते आणि शाहू महाराज समोर.

पण महाराजांनी अमेरिका बघून केलं असलं काहीतरी ठोकून देऊ नका. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम आणि तिकडचा कोळसा संप एकाच वर्षातले आहेत, एवढंच. एक दुसऱ्याचं कारण नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या असल्या जोड्या पेपरात उतरवल्या की उत्तर पडतंय.

घटनादुरुस्त्यांचा क्रम बऱ्याच जणांचा उलटसुलट होतो. १६ प्राप्तिकर, १७ सिनेटरांची थेट निवडणूक, दोन्ही १९१३. १८ दारूबंदी, १९१९. १९ बायकांचा मतदानाचा हक्क, १९२०. याही ओळी कागदावर घ्या. एकोणिसाव्यासाठी मागं १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या, बायकांच्या हक्कांसाठीच्या सभेपर्यंत जावं लागेल, पाचवा रकानाही भरायचाय, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना प्रत्यक्ष मतदान करायला १९६५ चा कायदा यावा लागला.

अठरावीची ओळ मी मुद्दाम भरत नाही, ती आज तुम्ही भरा. हिंट देतो: १८७४ ला स्थापन झालेली ख्रिस्ती बायकांची दारूबंदी संघटना, नवऱ्याचा पगार शनिवारी गुत्त्यात जाणं, १८९३ ची अँटी सलून लीग, स्थलांतरितांबद्दलचा राग, महायुद्धात धान्य वाचवायची गरज आणि बिअरवाले बहुतेक जर्मन, आणि सगळ्यात महत्त्वाचं, दारूवरचा कर बुडाला तरी चालेल हे सरकारला कधीपासून परवडायला लागलं, ते वरच्या सोळाव्या दुरुस्तीजवळ शोधा. १९३३ ला ती रद्द का झाली ते चौथ्या रकान्यात, फक्त तिथं कोर्ट येणार नाही, मंदी येईल.